टोस्टमास्टर्सच्या सभेत पाहुण्यांना बोलावं लागतं का?

नवखी_पिंपरी:
ऑफिसातली मैत्रीण गुरुवारी तिच्या टोस्टमास्टर्स क्लबात, म्हणजे भाषणाचा सराव करतात तिथे, नेणार आहे. चारचौघांत उभं राहिलं की माझी बोबडी वळते. पाहुण्यांनाही बोलायला लावतात का हो?

कोथरूडची_काकू:
अगं, विचारतात, पण "नको" म्हटलं की विषय संपला. शेवटी सभा कशी वाटली, एवढं दोन वाक्यांत सांगायचं. खरी मजा टेबल टॉपिक्सची! विषय आयत्या वेळी मिळतो, बोलायचं एक ते दोन मिनिटं. परवा आमच्याकडे "फ्रिजमधली शेवटची वाटी" निघाला. एरवी जीएसटीपलीकडे न बोलणारे आमचे सीए काका शिळ्या आमटीवर असे सुटले, की वेळ संपल्याचा लाल दिवा लागला तरी थांबेनात.

घड्याळवाला:
वेळ बहुतेकदा मीच सांभाळतो. तयारीचं भाषण साधारण ५ ते ७ मिनिटांचं. पाचव्या मिनिटाला हिरवा दिवा, सहाव्याला पिवळा, सातव्याला लाल. सभासद झालात तर पहिलं भाषण आइसब्रेकर, ४ ते ६ मिनिटं, स्वतःविषयी. एक जण तुमचे "अं" आणि "म्हणजे" मोजत बसतो. जरा बोचतं, पण सवय त्यानेच सुटते.

नवखी_पिंपरी:
मराठीत बोललं तर चालेल?

कोथरूडची_काकू:
ते क्लबवर आहे. काही मराठीतच चालतात, बरेचसे इंग्रजीत. मैत्रिणीला विचार. आणि काहीतरी खाऊन जा बाई, आमच्याकडे तरी चहा सभा संपल्यावरच येतो.