मदत हवी आहे : ठाणे, नवी मुंबई आणि मुंबईच्या नगरसेवकांचे मानधन व सुविधा यांची तुलना

चरईकर (धागाकर्ती)

नमस्कार. नगरसेवकांना मिळणारे मानधन आणि सुविधा यांचा तुलनात्मक तक्ता मला तातडीने तयार करायचा आहे. ठाण्यासाठी कुठे साडेसात हजार, तर कुठे पंधरा हजार असा आकडा सापडतो आणि नवी मुंबईचा आकडा या दोन्हींपेक्षा वेगळा दिसतो. विटाव्याहून थोडे पुढे गेले की दिघा लागते आणि महापालिका बदलते. दोन्हीकडे नळाचे पाणी, गटारे, रस्ते हीच कामे असताना रक्कम वेगळी का, हेही मला कुणी नीट सांगितलेले नाही. बैठक येत्या रविवारी आहे. शोधयंत्रावर जे मिळते ते मी वाचले आहे, त्यामुळे कृपया तो सल्ला देऊ नये. ज्यांना खात्रीने माहीत आहे त्यांनी नेमके आकडे द्यावेत.

पारसिककर

ताई, प्रश्न चांगला आहे, पण अपुरा आहे. तक्ता फक्त साध्या सदस्यांचा हवा आहे, की महापौर, उपमहापौर आणि समित्यांचे सभापती यांचाही? कोणत्या वर्षाचा? सुविधा म्हणजे व्यक्तीला मिळणाऱ्या, की प्रभागासाठी मिळणारा निधीही त्यात धरायचा? आणि बैठक कसली आहे? तक्ता माहितीपुरता असेल तर एक उत्तर आहे आणि त्यावरून काही मागणी करायची असेल तर दुसरे.

हिशेबनीस

मी एका स्थानिक स्वराज्य संस्थेच्या लेखा विभागातून निवृत्त झालो आहे. आकड्यांचा घोळ सरळ आहे. २०१७ च्या जुलैमध्ये राज्य सरकारने मानधनाचे दर वाढवले आणि ते महापालिकेच्या वर्गाप्रमाणे ठरवले. अ+ वर्गातील मुंबईला महिना २५,००० रुपये, अ वर्गातील पुणे आणि नागपूर यांना २०,०००, ब वर्गातील ठाणे, नाशिक आणि पिंपरी-चिंचवड यांना १५,००० आणि क व ड वर्गांना १०,०००. नवी मुंबई क वर्गात आहे, कल्याण-डोंबिवलीही त्याच वर्गात आहे. तुम्हाला सापडलेले साडेसात हजार हा ठाण्याचा २०१७ पूर्वीचा दर आहे. तेव्हा मुंबईला १०,००० आणि बाकी सगळ्यांना ७,५०० असे दोनच टप्पे होते, म्हणून जुन्या लेखांत ठाणे आणि नवी मुंबई सारखीच दिसतात.

दोन शेजारी महापालिकांत फरक का, याचे उत्तर वर्गवारीत आहे आणि वर्गवारीत लोकसंख्येला मोठे वजन आहे. २०११ च्या जनगणनेनुसार ठाण्याची लोकसंख्या सुमारे १८ लाख ४१ हजार आहे आणि नवी मुंबईची सुमारे ११ लाख २० हजार.

एक सूचना आताच देऊन ठेवतो, कारण अनेकजण येथे फसतात. नवी मुंबईत मे २०२० पासून आणि ठाण्यात मार्च २०२२ पासून, जानेवारी २०२६ च्या निवडणुकीपर्यंत प्रशासकांचा कारभार होता. त्या काळात मानधन घ्यायला सदस्यच नव्हते. मधल्या एखाद्या वर्षाच्या अर्थसंकल्पातील मानधनाचा खर्च उचलून त्याला सदस्यसंख्येने भागले, तर जो आकडा येईल तो निरर्थक असेल.

घोडबंदरकर

हे सगळे ठीक आहे, पण पंधरा हजारांवर कोण नगरसेवक होतो? खरी सुविधा म्हणजे नगरसेवक निधी. कोणत्या गल्लीत पेव्हर ब्लॉक बसायचे आणि कोणत्या उद्यानात बाके यायची, हे ज्याच्या शब्दावर ठरते, त्याच्या लाभात तो निधी धरलाच पाहिजे. निधीचा रकाना नसलेला तक्ता म्हणजे लोकांची दिशाभूल आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

हिशेबनीस

घोडबंदरकर, तुमच्या म्हणण्यामागचा राग मला समजतो, पण हिशेबाच्या दृष्टीने हे चुकीचे आहे. तो निधी सदस्याच्या खात्यात जमा होत नाही. सदस्य काम सुचवतो. अंदाजपत्रक अभियंता करतो, निविदा प्रशासन काढते आणि देयक लेखा विभाग मंजूर करतो. त्यात सदस्याने स्वतःचा हितसंबंध ठेवला तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम १० खाली त्याचे पद जाऊ शकते. गैरव्यवहार होत असेल तर तो गुन्हा आहे, लाभ नव्हे. गुन्ह्याची शक्यता मानधनाच्या तक्त्यात रकाना करून मांडता येत नाही.

घोडबंदरकर

मी गैरव्यवहाराचा आरोप केलेला नाही. निधी कुठे खर्च व्हावा हे सुचवण्याचा अधिकार हीच एक मोठी सत्ता आहे आणि पुढच्या निवडणुकीत तिचा उपयोग होतो, इतकेच माझे म्हणणे आहे. तक्त्याखाली निदान एक टीप तरी असावी.

चरईकर

कृपया निधीचा विषय बाजूला ठेवावा. पारसिककरांच्या प्रश्नांची उत्तरे देते. आमच्या भागातील गृहनिर्माण संस्थांची एकत्र बैठक आहे आणि नगरसेवकांचे मानधन वाढवावे या मागणीला पाठिंबा द्यायचा की विरोध करायचा, हे तिथे ठरणार आहे. दोन्ही बाजूंचे लोक आवाज चढवून बोलतात आणि आकडे कुणाकडेच नसतात, म्हणून तक्ता माझ्याकडे आला. साध्या सदस्यांचेच मानधन हवे आहे, महापौरांचे नको. मुंबईला २५,००० आणि आपल्याला १५,००० म्हणजे आपल्यावर अन्याय आहे, असे मी लिहू शकते का?

पारसिककर

हे आधी कळले असते तर बरे झाले असते, कारण या प्रश्नासाठी नुसते तीन आकडे शेजारी शेजारी ठेवून चालणार नाही. प्रत्येकामागे किती लोक आहेत ते पाहावे लागेल. मुंबईत २२७ नगरसेवक आहेत, ठाण्यात १३१ आणि नवी मुंबईत १११. २०११ च्या जनगणनेप्रमाणे भागाकार केला तर मुंबईत एका नगरसेवकामागे सुमारे ५४,८०० लोक येतात, ठाण्यात सुमारे १४,०५० आणि नवी मुंबईत सुमारे १०,१००. मुंबईचा नगरसेवक ठाण्याच्या जवळजवळ चौपट लोकांचे प्रतिनिधित्व करतो आणि त्याला मानधन दुपटीपेक्षाही कमी मिळते.

आता नागरिकाच्या बाजूने पाहा. साध्या सदस्यांच्या मानधनाचा वर्षाचा खर्च मुंबईत ६ कोटी ८१ लाख, ठाण्यात २ कोटी ३५ लाख ८० हजार आणि नवी मुंबईत १ कोटी ३३ लाख २० हजार होतो. माणशी वर्षाला मुंबईत साधारण साडेपाच रुपये, ठाण्यात तेरा रुपयांच्या आसपास आणि नवी मुंबईत बारा. त्यामुळे अन्याय हा शब्द मी तरी वापरणार नाही.

ऐरोलीकर

पारसिककर, हा भागाकार कागदावर बरोबर आहे, पण प्रत्यक्षात फसवा आहे. मुंबईत एका प्रभागातून एकच सदस्य निवडून येतो. ठाण्यात ३३ प्रभाग आहेत, त्यांपैकी ३२ चार सदस्यांचे आणि एक तीन सदस्यांचा. नवी मुंबईत २८ प्रभाग आहेत, २७ चार सदस्यांचे आणि एक तीन सदस्यांचा. चौघांपैकी प्रत्येकाला संपूर्ण प्रभागातील मतदार मत देतात, त्यामुळे ठाण्यातील नगरसेवकाच्या दारात येणारी माणसे १४ हजारांतली नसतात, ५६ हजारांतली असतात. म्हणजे मुंबईच्या एका प्रभागाएवढीच. पाणी आले नाही तर रहिवासी चौघांनाही फोन करतात. मी अमक्या वॉर्डातला म्हणून अमक्यालाच विचारेन, असे कुणी म्हणत नाही.

दुसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्याकडे निम्म्या जागा महिलांसाठी राखीव आहेत. माझ्या परिचयातील एका माजी नगरसेविकेने शिकवण्या बंद करून हे काम केले. जनसंपर्क कार्यालयाचे भाडे, तिथे बसणाऱ्या मुलाचा पगार, रिक्षा आणि फोन यांत मानधन संपून वर घरातले पैसे जात होते. ज्यांच्या घरी दुसरे भक्कम उत्पन्न नाही अशा स्त्रिया पुढे याव्यात असे वाटत असेल, तर मानधन पुरेसे असले पाहिजे.

घोडबंदरकर

याचा दुसरा अर्थही निघतो. मुंबईत ५५ हजार लोकांसाठी शहर महिन्याला २५,००० रुपये मोजते आणि ठाण्यात तेवढ्याच लोकांसाठी चार जणांचे मिळून ६०,०००. जबाबदारी मात्र चौघे एकमेकांवर ढकलतात. मानधन वाढवण्याआधी एक सदस्य, एक प्रभाग हीच पद्धत आणावी.

मतदारमित्र

निवडणूक लढवू इच्छिणाऱ्यांसाठी माहिती : वय २१ पूर्ण असावे आणि नाव त्या शहराच्या मतदार यादीत असावे. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीत उमेदवाराच्या खर्चाची कमाल मर्यादा मुंबईत १५ लाख, ठाण्यात १३ लाख आणि नवी मुंबईत ११ लाख रुपये होती. खर्चाचा हिशेब न दिल्यास अपात्रता येऊ शकते.

चरईकर

मला निवडणूक लढवायची नाही.

पारसिककर

ताई, उत्तर तुमच्या प्रश्नाचे नसले तरी ही मर्यादा टिपून ठेवा. पाच वर्षांचे, म्हणजे साठ महिन्यांचे मानधन मुंबईत १५ लाख होते, म्हणजे बरोबर खर्चाच्या मर्यादेइतके. ठाण्यात ते ९ लाख आणि मर्यादा १३ लाख. नवी मुंबईत ६ लाख आणि मर्यादा ११ लाख. मर्यादेपर्यंत खर्च करणारा ठाण्याचा उमेदवार निवडून आला, तरी पूर्ण मुदतीच्या मानधनातून तो खर्च भरून निघत नाही. रविवारी मी बोलणार असतो, तर याच आकड्यांनी सुरुवात केली असती. मागणीला पाठिंबा देणारे याचा एक अर्थ काढतील, विरोध करणारे दुसरा, पण दोघांनाही त्याचे उत्तर द्यावे लागेल.

लंडनहून

माझे मत थोडे वेगळे आहे. किती द्यावे यापेक्षा कुणी ठरवावे हा प्रश्न मोठा आहे. इंग्लंडमध्ये २००३ च्या नियमांनुसार नगरसेवकांच्या भत्त्यांबाबत एक स्वतंत्र समिती शिफारस करते आणि परिषदेला निर्णय घेताना ती शिफारस विचारात घ्यावीच लागते. मूळ भत्ता सर्वांना मिळतो, जबाबदारीच्या पदांना वेगळा भत्ता असतो आणि कुणाला वर्षात किती दिले ते जाहीर करावे लागते. इंग्लंडच्या नगरसेवकांसाठी स्थानिक शासनाची निवृत्तिवेतन योजना १ एप्रिल २०१४ पासून बंद करण्यात आली, त्यामुळे तिकडे सगळे भरभरून मिळते असाही समज नसावा. न्यूयॉर्कचे उदाहरण अगदी उलट आहे : तिथे ५१ सदस्य आहेत, २०१६ मध्ये त्यांचा वार्षिक पगार १,४८,५०० डॉलर करण्यात आला आणि त्याबरोबर बाहेरच्या कमाईवर कडक बंधने आली. पूर्ण पगार आणि पूर्ण वेळ, असा तो सौदा आहे. आपल्याकडेही तसेच करावे.

हिशेबनीस

परदेशाची तुलना उद्बोधक आहे, पण रविवारच्या बैठकीत ती पाच मिनिटेही टिकणार नाही. देशातलीच उदाहरणे घ्यावीत. दिल्ली महापालिकेच्या नगरसेवकांना मासिक मानधन नव्हतेच. प्रत्येक सभेला ३०० रुपये भत्ता, एवढीच तरतूद वर्षानुवर्षे राहिली. तमिळनाडूने जुलै २०२३ पासून महापालिकांच्या नगरसेवकांना महिना १०,००० रुपये मानधन सुरू केले. या दोन्हींच्या तुलनेत ठाणे खाली नाही. आमदारांशी तुलना केली तर मात्र चित्र पालटते. महाराष्ट्रात एक मुदत पूर्ण करणाऱ्या माजी आमदाराला महिना ५०,००० रुपये निवृत्तिवेतनाची तरतूद झाली, नगरसेवकाला निवृत्तिवेतन नाही.

आणखी एक गोष्ट तक्त्यात ठळकपणे लिहा. मानधनाचा पैसा महापालिकेच्या तिजोरीतून जातो, दर मात्र राज्य सरकार ठरवते. तुमच्या बैठकीत जो ठराव होईल तो महापौरांकडे पाठवून उपयोग नाही. तो नगरविकास विभागाकडे गेला पाहिजे. इंग्लंडसारखी समिती हवी असेल, तर तीही मागणी तिकडेच करावी लागेल.

चरईकर

आभारी आहे, मानधनाचा रकाना आता भरता येईल आणि प्रभागाच्या लोकसंख्येचाही एक रकाना घेते. घोडबंदरकरांची टीपही घालते, पण निधी व्यक्तीचा नाही असे त्यात स्पष्ट लिहून. सुविधांचे मात्र अजून कुणी नीट सांगितलेले नाही. सभेचा भत्ता, बसचा पास, वैद्यकीय खर्च, लॅपटॉप, मोबाइल, अभ्यासदौरे हे सगळे कुठे पाहायचे?

हिशेबनीस

मानधनाचा दर राज्यभर एका निर्णयाने ठरतो, सुविधांचे तसे नाही. मुंबईत बेस्टचा मोफत पास आहे. इतर शहरांत बहुतेक सुविधा त्या त्या महासभेच्या ठरावावर अवलंबून असतात, म्हणून ऐकीव माहितीवर विसंबू नका. माहिती अधिकाराच्या कलम ४ खाली अधिकारी आणि कर्मचारी यांचे वेतन स्वतःहून जाहीर करावे लागते, पण नगरसेवक कर्मचारी नाहीत, त्यामुळे त्यांची माहिती त्या यादीत शोधून मिळणार नाही. दोन्ही महापालिकांच्या सचिव विभागातील जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करा, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा आणि नुसती माहिती न मागता सुविधांबाबतच्या ठरावांच्या प्रती मागा. उत्तराची मुदत तीस दिवसांची आहे, म्हणजे रविवारपर्यंत हे होणार नाही. तोवर सुविधांचा रकाना कोरा ठेवा आणि अर्ज केल्याची तारीख त्यात लिहा.

चरईकर

मग एकाच अर्जात ठराव, २०१७ पासूनचा मानधनाचा खर्च आणि अभ्यासदौऱ्यांचा तपशील असे सगळे मागते.

ऐरोलीकर

ताई, तसे करू नका. राज्याच्या नियमांप्रमाणे एका अर्जात एकच विषय असावा लागतो आणि मजकूर दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो. तीन विषय एकत्र घातले तर अर्ज तेवढ्याच कारणावरून परत येऊ शकतो. ठरावांचा अर्ज वेगळा, खर्चाचा वेगळा आणि दौऱ्यांचा वेगळा करा. नवी मुंबईचे तीन अर्ज मी लिहून बेलापूरला मुख्यालयात देते, ठाण्याचे तुम्ही द्या. मजकूर दोन्हीकडे शब्दशः सारखा ठेवू, म्हणजे उत्तरे आल्यावर रकाने जुळतील.