मेमध्ये तारकर्ली: स्कूबा करायचं की नुसतं पाण्यात पाय बुडवून यायचं?

खिडकीची_सीट:
नमस्कार मंडळी, मेच्या दुसऱ्या आठवड्यात पुण्याहून मालवण-तारकर्लीला जातोय, मी, नवरा, १३ वर्षांचा मुलगा आणि सासूबाई. एकाने फोनवर पॅकेज सांगितलंय, स्कूबा, पॅरासेलिंग, बनाना राइड, जेट स्की सगळं एकाच सकाळी, व्हिडिओ फ्री. पोहता फक्त मुलाला येतं. मे मध्ये पाणी स्वच्छ असतं का? आणि त्याच दिवशी संध्याकाळी गोव्याच्या मोपा विमानतळावरून फ्लाइट आहे, जमेल ना?

बुडबुडा_७२:
फ्लाइटचं आधी बोलतो. स्कूबा करून त्याच दिवशी विमानात बसायचं नाही. खाली असताना शरीरात नायट्रोजन विरघळतो, तो हळूहळू बाहेर पडतो, आणि विमानात हवेचा दाब कमी झाला की त्याचे बुडबुडे होऊ शकतात. एका डाइव्हनंतर किमान १२ तास सांगतात, बरेच इन्स्ट्रक्टर १८ ते २४ म्हणतात. तर स्कूबा पहिल्या दिवशी उरका, जेट स्की शेवटच्या दिवशी केलीत तरी चालेल.
पोहता येत नसलं तरी ट्राय डाइव्ह, म्हणजे नवशिक्यांची डाइव्ह, होते कारण इन्स्ट्रक्टर तुम्हाला पूर्णवेळ धरूनच असतो. खरा त्रास कानाचा, दोन-तीन फूट खाली गेलं की लगेच दडे बसायला लागतात, तेव्हा नाक चिमटीत धरून हलकेच फुंकायचं आणि दुखायची वाट न बघता आधीपासूनच फुंकत राहायचं. श्वास रोखायचा नाही, काही झालं तरी. सर्दी असेल तर पैसे गेले म्हणून समजा पण उतरू नका. दमा, बीपी, हार्टचं काही असेल तर आधी डॉक्टर.
आणि हो, नवरोबांना दाढी-मिशा आहेत का? मास्कमध्ये पाणी शिरतं.

देवबागकर:
मी देवबागचाच. मे मध्ये पाणी डिसेंबर-जानेवारीसारखं काचेगत नसतं, दुपारनंतर वारा सुटतो मग लाटा आणि गढूळ, म्हणून स्कूबा सकाळी पहिल्या बोटीनेच करा. मे अखेरीला बोटी बंद होतात त्या थेट ऑगस्ट संपेपर्यंत, त्यामुळे मे मध्ये गर्दी नुसती उसळते.
तारीख ठरवताना कॅलेंडरात तिथी बघा. आमच्याकडे तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, अंदाजे हां. म्हणजे अष्टमीला सहाला भरती, बाराला ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, ओढ जास्त आणि वाळू ढवळलेली, तेव्हा काय तळ दिसाचो नाय. अष्टमीच्या मागेपुढे भांग, म्हणजे लहान भरती-ओहोटी, पाणी शांत. त्सुनामी आयलंड म्हणतात तो कर्ली नदीच्या मुखातला वाळूचा पट्टा आहे, पूर्ण भरतीला गेलात तर उभं राहायला जागा नाही, सासूबाईंना ओहोटीलाच न्या. घाई करू नकात, दर्या खंय पळान जाता?

शेवटचा_डबा:
एकाच सकाळी सगळं कोंबलेलं पॅकेज मी घेतलं होतं गेल्या वर्षी. कुठून घेतलं ते सांगत नाही. कपडे बदलायला रांग, सिलेंडरला रांग, ब्रीफिंग दीड मिनिटाचं, आणि पाण्यात गेल्यावर माणूस पावाचा चुरा सोडतोय, त्यावर पट्टेवाले मासे तुटून पडतायत आणि मला खुणा करतोय कॅमेऱ्याकडे बघा. मासे दिसले, समुद्र काही दिसला नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळचा हा भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे हे कुणी चकार शब्दाने सांगत नाही. प्रवाळावर पाय ठेवू नका, एवढं तरी मुलाला आधी सांगून ठेवा.
२०२२ च्या मेमध्ये तारकर्लीला स्कूबावरून परतणारी बोट उलटून दोन पर्यटक गेले होते. बोटीत माणसं जास्त वाटली तर सरळ उतरा, आणि लाइफ जॅकेट हातात नाही, अंगात. तुमच्या गटाला इन्स्ट्रक्टर किती, हे पैसे देण्याआधी विचारा. उत्तर नीट देत नसेल तर पुढचं दुकान.

खिडकीची_सीट:
सगळ्यांचे आभार, फ्लाइटचं तर डोक्यातच नव्हतं! पहिला दिवस दशमीचा निघतोय. सासूबाईंनी पाऊणपट तोंडी करून सांगितलं, साडेसातला भरती, दीडला ओहोटी. म्हणजे स्कूबा सकाळी, मग जेवून आयलंड, असंच ना? पॅकेज कॅन्सल करतेय. प्रश्न एकच उरलाय, नवरा मिशी काढायला तयार नाही, लग्नापासूनची आहे.

बुडबुडा_७२:
पूर्ण नको हो, नाकाखालची बारीक रेघ कापली तरी मास्क बसतो.

देवबागकर:
बरोबर, पण आयलंडच्या आधी जेवण नको, परत येऊन जेवा. होडी हलते.