मदत हवी आहे: मातीतली कुस्ती आणि सांबो, पोराला दोन्ही एकत्र झेपेल का?

नमस्कार.

कुस्ती जाणणारे, त्यातही सांबो (जॅकेट घालून खेळायची रशियन कुस्ती) स्वतः खेळलेले कोणी इथे असतील तर वेळ काढून उत्तर द्या, ही विनंती. घरात यावरून दोन तट पडलेत आणि शाळा सुरू व्हायच्या आत काय ते ठरवायचं आहे.

भाचा पंधराचा. आम्ही अमळनेर तालुक्यातले. गावच्या तालमीत तो लहानपणापासून मातीत लोळलाय, शालेय स्पर्धांमुळे मॅटचीही सवय आहे. चाळीसगाव तालुक्यातले विजय चौधरी 2014, 2015 आणि 2016 असे सलग तीनदा महाराष्ट्र केसरी झाले, तेव्हापासून आमच्याकडच्या कितीतरी पोरांच्या डोक्यात तेच स्वप्न आहे. हा त्यातलाच.

गेल्या वर्षी तालुक्याला एका सरांनी सांबोचा क्लास काढला. याने मोबाइलवर रशियाचा एमएमए लढवय्या खबीब नूरमागोमेदोवच्या लढती पाहिलेल्या, त्यामुळे लगेच नाव घातलं. सकाळी तालीम, संध्याकाळी क्लास. वस्तादांनी त्याला काही म्हटलं नाही, पण दाजींना बाजूला घेऊन सांगितलं की दोन्ही डगरींवर पाय ठेवू देऊ नका.

मला ते तेव्हा पटलं नव्हतं. धरपकड ती धरपकडच, असं वाटायचं. मग वैशाखात शेजारच्या गावच्या यात्रेत त्याची जोड लागली. समोरचा पोरगा त्याच्याच वजनाचा. त्याने एकेरी पट काढायला, म्हणजे एक पाय धरून खाली आणायला, हात घातला, भाच्याने पाय मागे टाकून तो चुकवला, उलट त्याचाच पाय काखेत धरला, आणि तसाच मागे बसून घोटा आवळायला लागला. समोरचा अंगावर रेलला. भाच्याचे दोन्ही खांदे मातीला. पंचांनी शिट्टी मारली तरी हा पाय सोडेना, कारण त्याच्या लेखी लढत अजून चालूच होती. पंचांनी हाताला धरून उठवला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर काय घडलं तेच कळलं नसल्याचा भाव होता. बरं, घोट्यावर तसा ताण द्यायला कुस्तीत परवानगीच नाही, त्यामुळे चीत झाला नसता तरी पंचांनी थांबवलंच असतं.

त्या रात्री बसून मी दोन्ही खेळांचे नियम समजून घेतले. कुस्तीत पाठ हेच सगळं. खांदे टेकले की संपलं. मॅटवर फ्रीस्टाइलमध्येसुद्धा पाठ नुसती खाली वळली तरी समोरच्याला 2 गुण. सांबोत मात्र पाठीवर गेल्याने आपोआप हार होत नाही. वरच्याने 20 सेकंद दाबून धरलं तर त्याला 4 गुण, तेही एका लढतीत एकदाच, आणि खालचा तेवढ्यात त्याच्या हातापायाला कुलूप लावून, म्हणजे सांधा ताणून हार मानायला लावून, जिंकू शकतो. म्हणजे एका खेळात जी जागा वाचवायची, ती दुसऱ्यात वापरायची. पंधरा वर्षांच्या अंगाला हा फरक ऐन क्षणी कळणार कसा?

माझे प्रश्न असे. दोन्ही चालू ठेवलं तर या सवयी एकमेकींना मारतात का? पायाच्या कुलपांनी या वयात गुडघ्याला धोका किती? आणि एकच ठेवायचं झालं तर कोणतं, त्याच्या पुढच्या आयुष्याच्या दृष्टीने?

निळं जॅकेट:
मी आधी कुस्ती आणि आता सांबो खेळतो, म्हणून सविस्तर लिहितो. तुमचं निरीक्षण बरोबर आहे, पण पाठ ही अर्धीच गोष्ट. उरलेली अर्धी फेकीत आहे.

फ्रीस्टाइलमध्ये पट काढून माणूस खाली आणला, ताबा घेतला, 2 गुण. थेट पाठीवर आणला तर 4, पण तुम्ही उभे राहिलात की नाही याला महत्त्व नाही. सांबोत तो कशावर पडला आणि तुम्ही उभे राहिलात की नाही, यावर सगळं अवलंबून. तुम्ही उभे आणि तो पाठीवर, तर लढत तिथेच जिंकली. तुम्हीही सोबत पडलात तर 4. तो बुडावर बसला आणि तुम्हीही पडलात, तर एकच गुण. त्यामुळे मातीतल्या पोरांचा पट सांबोत स्वस्तात जातो. शिवाय पट काढायला वाकलात की समोरचा पाठीवरून हात टाकून कमरेचा पट्टा धरतो आणि तुम्ही जागेवर अडकता. उघड्या अंगाच्या कुस्तीत हे होत नाही.

उलट ढाक, कलाजंग, टांग हे फेकीचे डाव येणारा पोरगा सांबोत लवकर चमकतो. जॅकेटच्या खांद्यावरची पकड सुटत नाही, त्यामुळे ढाकेला जोर मिळतो. या खेळाच्या मुळाशी ज्युदो आहे, कारण त्याचे एक जनक वासिली ओश्चेपकोव्ह जपानात कोडोकान या ज्युदोच्या मूळ शाळेत शिकून आले होते. त्यात अनातोली खारलाम्पियेव यांनी जॉर्जियापासून मध्य आशियापर्यंतच्या देशी कुस्त्यांचे डाव आणले. 16 नोव्हेंबर 1938 ला सोव्हिएत संघात त्याला अधिकृत खेळाचा दर्जा मिळाला. आपल्या मातीला तो परका नाही.

सवयींचं म्हणाल तर एकाच दिवशी दोन्ही नको. यात्रांचा हंगाम पूर्ण मातीला द्या, त्या काळात क्लास बंद. पावसाळ्यात सांबो. आणि त्यातही वर्षभर फक्त उभ्याने फेकी शिकू द्या, मागे बसून घोटा धरणं नंतर.

धुळेकर फिजिओ:
फक्त गुडघ्यापुरतं लिहिते. पंधराव्या वर्षी बहुतेक मुलांच्या हाडांच्या टोकाचे वाढीचे भाग अजून पक्के झालेले नसतात. गुडघा सरळ ताणणारं कुलूप सांबोत चालतं, टाच किंवा पाऊल पिरगळणं चालत नाही, आणि ही बंदी योग्य आहे. पीळ बसतो तेव्हा दुखायच्या आधीच अस्थिबंध तुटलेला असू शकतो.

माझी खरी काळजी वेगळी आहे. तालमीतल्या पोराला सोसायला शिकवलेलं असतं. सांबोत सोसायचं नसतं, हात आपटून किंवा ओरडून लगेच सोडवून घ्यायचं असतं. हे त्याच्या अंगात मुरलंय का, ते स्वतः क्लासला बसून बघा. सर नवीन मुलांना पहिल्यांदा हात आपटायला शिकवतात की कुलूप लावायला, यावरून तुम्हाला पुष्कळ कळेल. गुडघ्याला सूज आली तर ती पूर्ण उतरेपर्यंत दोन्हीकडे सुट्टी, यात तडजोड नको.

बापू पैलवान, पारोळा:
मी निळं जॅकेट यांच्याशी सहमत नाही. आमचे वस्ताद अहिराणीत सांगायचे, "आधी पाठ वाचाड, मंग डाव टाक." ही सवय लहानपणीच लागते, मोठेपणी लावता येत नाही. सांबो पुढे अठराव्या वर्षीही शिकता येईल. खबीबही आधी कुस्तीच खेळायचा. दोन वर्षं पोराला मातीत आणि मॅटवरच ठेवा. कुस्तीला ऑलिंपिक आहे, खाशाबांनी 1952 ला हेलसिंकीत पदक आणलं ते याच खेळात. सांबोला ऑलिंपिक समितीने 2021 मध्ये मान्यता दिली, पण स्पर्धेत तो खेळ अजून नाही.

तापीकाठचा:
नोकरीचा विचार असेल तर एक सांगतो. राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, पण खेळ आणि स्पर्धा दोन्ही शासनाच्या निकषांत बसावे लागतात आणि प्रमाणपत्राची पडताळणी होते. जळगावला जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन सध्याची यादी डोळ्यांनी बघा. क्लासवाल्यांच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. दहावीच्या क्रीडा गुणांचंही तिथेच विचारा.

धागाकर्ता:
सगळ्यांचे मनापासून आभार. बापू, तुमचं म्हणणं आईला वाचून दाखवलं, तिला फार पटलं. भाच्याशी बोललो. सांबो पूर्ण सोडायला तो तयार नाही आणि मलाही त्याच्यावर तेवढी सक्ती करायची नाही. सध्या असं ठरतंय की दिवाळीपर्यंत फक्त तालीम, नंतर आठवड्यातून दोन संध्याकाळ क्लास आणि तेही उभ्याच्या फेकींपुरतं. ताई, शनिवारी क्लासला जाऊन बसणार आहे, तुम्ही सांगितलेलं नेमकं बघेन. सोमवारी जळगावचं काम करतो.

निळं जॅकेट, एक राहिलं. वस्तादांना मी सांगू की भाच्याने स्वतः जाऊन सांगावं? माझं मत पोरानेच जावं असं आहे, पण तुमच्या वेळी तुम्ही कसं केलंत?

निळं जॅकेट:
त्यानेच जावं. सकाळच्या मेहनतीआधी, सगळी पोरं यायच्या आत. माती खणायला घ्यायची आणि मग बोलायचं. माझ्या वस्तादांनी ऐकून घेतलं आणि वर ढाकेची पकड जॅकेटवर कशी बसेल ते स्वतः करून बघितलं.