साखरपुड्यातील अंगठी परकी म्हणून बंद करायची का?

अमळनेरचा शिक्षक (धागाकर्ता): साखरपुड्यात अंगठ्या घालणे ही ख्रिस्ती चाल असून खानदेशातील प्रत्येक समाजाने ठराव करून ती बंद करावी, असे काल एका सदस्याने येथे लिहिले. हे वाचून गप्प बसवले नाही. वाग्दत्त वधूला अंगठी पाठवण्याची रीत रोमन लोकांत होती. ती अंगठी लोखंडी असे, अशी नोंद रोमन लेखक थोरल्या प्लिनीने पहिल्या शतकात केली आहे. उलट इंग्लंडमधील प्युरिटन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनीच लग्नातील अंगठीला विरोध केला होता. आपल्याकडे दुष्यंताने शकुंतलेला नावाची अंगठी दिली, ती परकी कशी?

चोपडेकर (कालच्या लेखाचा लेखक): शकुंतलेची अंगठी कालिदासाच्या नाटकातील आहे, महाभारतातील आख्यानात ती नाहीच. नाटकातही ती ओळख पटवण्याची खूण आहे, विधी नव्हे. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याच्या 7 व्या कलमात सप्तपदी आहे, अंगठी नाही. अनामिकेतून थेट हृदयाकडे शीर जाते, हे आपल्या कार्यक्रमांतून ध्वनिक्षेपकावर सांगितले जाते. त्या रोमनकालीन समजुतीला शरीरशास्त्रात कोणताही आधार नाही. हिऱ्याचे वेड तर जाहिरातींनी वाढवले. हिरा चिरंतन असल्याची डी बीअर्स या हिरे कंपनीची घोषणा 1947 ची आहे.

अमळनेरचा शिक्षक: अनामिकेचा मान रोमहून आलेला नाही. पूजेला बसताना दर्भाचे पवित्रक उजव्या हाताच्या कोणत्या बोटात घालतात, हे आपल्या घरी विचारावे.

रावेरची लेक: आपण दोघे रोम आणि कालिदास यांत रमला आहात, अंगठीचे पैसे कोण देतो, हे कोणीच विचारत नाही. माझ्या बहिणीच्या वेळी बैठकीत सगळे ठरले, सुपारी फुटली आणि मग मुलाच्या मामांनी सांगितले की जावयाची अंगठी तोळ्याची हवी. वडिलांनी भाव वाढेल म्हणून घरात भरून ठेवलेला कापूस त्याच आठवड्यात मिळेल त्या भावाने विकला. मुलीला मिळालेली अंगठी मात्र इतकी हलकी होती की दुसऱ्या वर्षी ती चेपून अंडाकृती झाली. मागून घेतलेले सोने 1961 च्या कायद्याने हुंडाच ठरते.

जळगावचा सराफी कारागीर: तोळ्यावरूनच निम्मी भांडणे होतात. जुना तोळा 11.66 ग्रॅमचा, बाजारातला 10 ग्रॅमचा. बैठकीत आजोबा एक धरतात आणि पेढीवर दुसरा निघतो. म्हणून ग्रॅममध्येच बोलावे. मोडीला आलेल्या अंगठ्या मी रोज पाहतो: आतली कड झिजून धारदार झालेली आणि माप वाढवताना डाक दिलेला सांधा नखाला लागतो. 22 कॅरेटमध्ये 91.6 टक्के सोने असते, म्हणून ती मऊ. शेतात राबणाऱ्या हाताला 18 कॅरेटची अधिक टिकते.

धुळ्याचा निवृत्त कारकून: टिकाऊपणा राहू द्या, मजुरीचे बोला! माझ्या मुलाची अंगठी मोडताना मजुरी बुडाली आणि वर घट कापली गेली. दोन ग्रॅमच्या आतील दागिन्याला हॉलमार्कची सक्तीही नाही. गरिबाची अंगठी नेमकी त्यातच बसते.

जळगावचा सराफी कारागीर: मजुरी माझ्या हाताची असते, ती वितळवल्यावर परत कशी येईल? घट कापणे मात्र नेहमीच योग्य असते असे मी म्हणणार नाही. सोने आपल्यासमोर तपासून घेण्याचा हट्ट धरा. नकार मिळाला तर पेढी बदला.

चोपडेकर: मी विधीविषयी लिहिले होते, मोडीविषयी नाही. तरीही आपण सर्व जण ज्या खर्चाचे रडगाणे गात आहात, तो या नकलेमुळेच आला.

रावेरची लेक: रडगाणे हा शब्द मागे घ्यावा. अंगठी बंद केली तर तेच मामा गोफ मागतील. महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजाने 1873 मध्येच साधी लग्ने लावून दाखवली. तिथे प्रश्न वस्तूचा नव्हता, वधूपित्यावरील ओझ्याचा होता.

चोपडेकर: शब्द मागे घेतो. अंगठी परकी आहे हे माझे मत कायम आहे. मात्र बंदीच्या ठरावाने मागणी थांबणार नाही, हे नाइलाजाने मान्य करतो.

अमळनेरचा शिक्षक: मग ठराव असा करावा की दोन्ही अंगठ्या सारख्या वजनाच्या असाव्यात, ज्याने त्याने आपल्या घरची करावी आणि वजन बैठकीत उच्चारूच नये.

रावेरची लेक: सुपारी फुटल्यानंतरही उच्चारू नये, हे त्यात स्पष्ट लिहा.