मदत हवी आहे: कुंडीतल्या लसणाला पात भरपूर, पण गड्ड्यात पाकळ्या पडत नाहीत (ठाणे)

बाल्कनीकर | १६ फेब्रुवारी, रात्री ९.१०

घोडबंदर रोड, नववा मजला, पूर्वेची बाल्कनी. थेट ऊन साधारण साडेसात ते बारा. १२ × १२ इंची चार ग्रो बॅग, प्रत्येकीत १० पाकळ्या, लागवड १२ नोव्हेंबर. म्हणजे आज ९६ दिवस झाले. बियाणं म्हणजे बाजारातलाच मोठ्या पाकळ्यांचा पांढरा लसूण, दुकानदाराने 'उटी' म्हणून दिलेला. मिश्रण: अर्धी लाल माती, पाव गांडूळखत, पाव कोकोपीट. दर १५ दिवसांनी घरच्या कंपोस्टचं पाणी, शिवाय जानेवारीपासून १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं असलेलं खत), लिटरला २ ग्रॅम, आठवड्यातून एकदा.

पात हिरवीगार आहे, रोपाला ७-८ पानं, मान अंगठ्याएवढी जाड. आज एक रोप उपटलं तर खाली सुपारीएवढी अखंड गोल गाठ. उभी कापली, आत पाकळीची रेघसुद्धा नाही. दोन बॅगांत बुंध्यातून बारीक फुटवेही येताहेत.

प्रश्न असे:
१) अजून थांबावं की काढून घ्यावं?
२) घरात तिखट लसूण कुणालाच सोसत नाही. 'सॉफ्टनेक' लसूण सौम्य असतो असं वाचलं. अमेरिकेतून येणाऱ्या नातेवाइकांना 'इंचेलियम रेड'चे दोन गड्डे आणायला सांगू का?
३) पातीची कच्ची चटणी करायची आहे, पण झणका नको. कशी करावी?

---

वाफा | १६ फेब्रुवारी, रात्री १०.०२

काढून घ्या, पण सगळं नको. कारण आधी सांगतो, मग काय करायचं ते.

लसणाच्या गाठीत पाकळ्या पडायला त्याने थंडी खाल्लेली असावी लागते. ही थंडी एक तर बियाण्याला साठवणीत मिळते किंवा कोवळ्या रोपाला शेतात. त्यानंतर दिवस मोठा होत गेला आणि ऊब वाढली की गड्डा भरतो. नाशिक-पुण्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या रात्री हे काम आपोआप करतात. ठाण्यात पारा चार-दोन रात्रीच १५-१६ पर्यंत उतरतो आणि दुपारी पुन्हा ३० च्या वर. थंडी न मिळालेलं रोप साठा करतं, पण तो एकाच पाकळीत. तुमची सुपारी म्हणजे तीच, एकपाकळी लसूण. रोग नाही, खराबही नाही.

त्यात तीन गोष्टींची भर पडली. उटीचा लसूण निलगिरीच्या थंड हवेत वाढणारा, तो समुद्रसपाटीवर गड्डा भरत नाही. खाण्यासाठी उत्तम, लावण्यासाठी नाही. दुसरं, १२ इंची गोल बॅगेत १० सेंटिमीटर अंतराने सातच पाकळ्या बसतात, दहा म्हणजे दाटी. तिसरं नत्र. लागवडीनंतर ६० दिवसांनी नत्र बंद करायचं असतं. तुम्ही नेमकं तेव्हाच १९:१९:१९ सुरू केलंत, म्हणून मान जाड राहिली आणि फुटवे आले. जाड मानेचा लसूण टिकत नाही, सुकतानाच मानेतून सडायला लागतो.

आता असं करा. फुटवे आलेल्या दोन बॅगा आजपासून ओला लसूण म्हणून वापरायला काढा. उरलेल्या दोन बॅगांना खत पूर्ण बंद, पाणी तीन-चार दिवसांनी, बोट दोन इंच खुपसून कोरडं लागलं तरच. खालची तीन-चार पानं पिवळी पडून माना लवंडल्या की पाणी थांबवा आणि १० दिवसांनी उपटा. एकपाकळ्याच निघतील. त्या सावलीत सुकवून ठेवा आणि नोव्हेंबरात पुन्हा लावा. एकपाकळीत साठा भरपूर असतो, लावण्याआधी फ्रिजमध्ये थंडी दिली तर तिच्यापासून नीट पाकळ्या पडलेला मोठा गड्डा मिळतो.

---

कोपरखैरणे बाग | १७ फेब्रुवारी, सकाळी ७.४५

दुसऱ्या प्रश्नाबद्दल. सॉफ्टनेक म्हणजे मऊ मानेचा. त्याला मधून फुलाचा कडक दांडा येत नाही, म्हणून मान वाळली की वाकते आणि अलिबागच्या पांढऱ्या कांद्यासारखी त्याची वेणी घालता येते. याचा तिखटपणाशी थेट संबंध नाही. आपल्याकडच्या मैदानी भागातला बहुतेक लसूण मऊ मानेचाच आहे आणि तो चांगला झणझणीत असतो. मऊ मानेच्या लसणात दोन गट धरतात: आर्टिचोक आणि सिल्व्हरस्किन. आर्टिचोक गटात पाकळ्या थरावर थर, चव सहसा सौम्य. सिल्व्हरस्किन टिकायला सगळ्यात चांगला, पण चवीला तिखट. इंचेलियम रेड आर्टिचोक गटातला, चवीला खरोखर सौम्य.

तरीही आणू नका. एक म्हणजे लागवडीचं साहित्य परदेशातून आणायला आयात परवाना आणि तिकडचं वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागतं, वनस्पती क्वारंटाइनचा २००३ चा आदेश आहे. हे नियम उगाच नाहीत. लसणाच्या पाकळीतून विषाणू आणि पांढरी सड सहज प्रवास करतात, आणि पांढऱ्या सडीची बुरशी मातीत शिरली की वर्षानुवर्षं निघत नाही. दुसरं म्हणजे तो लसूण वॉशिंग्टन राज्यातला, ४८ अक्षांशावरचा. तिथे जूनचा दिवस १६ तासांचा. ठाणे १९ अक्षांशावर, हिवाळ्यात जेमतेम ११ तास. इथे त्याला गड्डा भरायचा इशाराच मिळणार नाही.

लहान दिवसाच्या जाती घ्या. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाच्या भीमा ओंकार आणि भीमा पर्पल, राहुरी विद्यापीठाच्या गोदावरी, श्वेता, फुले बसवंत, किंवा यमुना सफेद-३ (जी-२८२). कुंडीसाठी मला जी-२८२ बरी वाटते, पाकळी मोठी आणि गड्ड्यात १५-१६च, सोलायला सोपी.

सौम्यपणा जातीइतकाच खतात असतो. लसणाचा झणका गंधकाच्या संयुगांचा. सिंगल सुपर फॉस्फेट, अमोनियम सल्फेट, ०:०:५० (सल्फेट ऑफ पोटॅश), जिप्सम या सगळ्यांत गंधक आहे. ते टाळलं आणि माती कधी कडक कोरडी होऊ दिली नाही तर तोच वाण निवळतो. किंमत मोजावी लागते: गंधक अगदीच नसेल तर कोवळी पानं फिकट पिवळी पडतात आणि गड्डा लहान राहतो. शेणखत-गांडूळखतात असतं तेवढं कुंडीला पुरे, वेगळं घालू नका. पालाशासाठी चाळलेली लाकडाची राख, बॅगेला दोन मोठे चमचे, लागवडीच्या वेळी एकदाच. आपली लाल माती आम्लधर्मी असते, तिलाही राखेचा फायदा होतो.

---

खलबत्ता | १७ फेब्रुवारी, दुपारी १.२०

चटणीचं मी सांगते. अख्ख्या पाकळीत झणका नसतोच. पाकळी कापली किंवा ठेचली की आतला एक घटक आणि एक विकर (एन्झाइम) एकत्र येतात आणि काही सेकंदांत तिखट ॲलिसिन तयार होतं. जितकं बारीक ठेचाल तितकं जास्त. म्हणून झणका कमी करायचा तर विकराला आधी गाठायचं, ठेचून झाल्यावर लिंबू पिळून काही उपयोग नाही.

दोन उपाय आहेत. एक, न सोललेल्या पाकळ्या (तुमच्या बाबतीत कोवळ्या गाठी) उकळत्या पाण्यात दोन मिनिटं, लगेच गार पाण्यात. विकर मरतं, कच्चेपणाचा ताजेपणा बराचसा उरतो. दुसरा, लिंबाचा रस आधी खलात घ्यायचा आणि लसूण त्या रसातच ठेचायचा. आंबटपणात विकर नीट चालत नाही.

प्रमाण: धुऊन चिरलेली पात १०० ग्रॅम, चार कोवळ्या गाठी वरीलप्रमाणे उकळून, दोन कमी तिखट हिरव्या मिरच्या, पाव वाटी ओलं खोबरं, दोन चमचे दाण्याचं कूट, अर्ध्या लिंबाचा रस, मीठ. पात आधी चमचाभर तेलावर ४० सेकंद परता, रंग जाऊ देऊ नका. मग लिंबाच्या रसात गाठी, मिरची, मीठ ठेचा, खोबरं आणि कूट घाला, पात शेवटी. मिक्सरमध्ये करणार असाल तर झटके देऊन फिरवा. सलग फिरवलं तर पात चिकट होते आणि कडवटपणा येतो.

पातीचा वरचा राठ भाग चटणीत नको, तो थालीपिठात घाला. दोन वाट्या भाजणीला एक वाटी बारीक चिरलेली पात, आणि तिला पाणी सुटतं म्हणून भिजवताना पाणी कमी.

आणि एक, सौम्य लसूण खोबऱ्याच्या सुक्या चटणीला कमी पडतो. नेहमी वाटीभर सुक्या खोबऱ्याला २० पाकळ्या घेत असाल तर ३० घ्या. पण सौम्य पाकळीत पाणी जास्त, तशीच कुटली तर चटणीचे गोळे होऊन चार दिवसांत वास येतो. आधी मंद आचेवर पाकळ्या बदामी, कोरड्या होईपर्यंत परता, गार करा, मग कुटा. खरी मजा अख्खा भाजण्यात. झाकण ठेवून लोखंडी तव्यावर अगदी मंद आचेवर २५ ते ३० मिनिटं, मधे दोनदा फिरवून. बोटाने दाबला की लोण्यासारखा निघतो. चौघांच्या वरणात १०-१२ पाकळ्या कुस्करल्या तरी तिखट लागत नाही, गोडसर लागतो.

---

बाल्कनीकर | १७ फेब्रुवारी, रात्री ९.३५

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन बॅगांचा ओला लसूण काढला, चटणी लिंबाच्या रसात ठेचून केली, झणका अजिबात आला नाही. आता पुढच्या हंगामासाठी विचारते. थंडी फ्रिजमध्ये द्यायची म्हणजे नेमकी कधी, किती दिवस, कुठल्या कप्प्यात? आणि उरलेल्या गाठी पावसाळाभर टिकवायच्या कशा? भाजलेला लसूण तेलात बुडवून ठेवला तर चालेल का?

---

वाफा | १७ फेब्रुवारी, रात्री १०.५०

ताई, तारखा धरून सांगतो.

२० सप्टेंबरच्या सुमारास अख्खे गड्डे न फोडता कागदी पिशवीत घालून फ्रिजच्या खालच्या, भाजीच्या कप्प्यात. ५ ते १० अंशांत काम होतं. प्लास्टिकची बंद पिशवी नको, आत पाणी धरून बुरशी येते. फ्रीझर तर नाहीच. तुमच्या एकपाकळ्याही तशाच ठेवा. सहा आठवडे, म्हणजे १ नोव्हेंबरपर्यंत. फार लवकर ठेवून दहा-बारा आठवडे केलेत तर रोप लहान असतानाच गड्डा धरायला लागतं आणि फुटवे येतात, म्हणजे दुसऱ्या टोकाची चूक.

बाहेर काढल्यावर त्याच दिवशी फोडा आणि त्याच दिवशी लावा. चार दिवस ओट्यावर राहिला तर खाल्लेली थंडी ऊब पुसायला लागते. बाहेरच्या फेरीतल्या मोठ्या पाकळ्याच निवडा, मधल्या बारीक पाकळ्या स्वयंपाकाला. साल काढायची नाही, बुडाची चकती शाबूत हवी. ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) लिटरला ५ ग्रॅम, त्यात १५ मिनिटं बुडवून सावलीत निथळा. टोक वर, वर दोन-तीन सेंटिमीटर माती, बॅगेत सात. तुमच्या मिश्रणातलं कोकोपीट निम्मं करून तेवढी जाड वाळू घाला, पाव भाग कोकोपीट बुडाशी ओल धरून ठेवतं आणि पाकळी तिथूनच सडते. बॅगेला मूठभर निंबोळी पेंड.

नोव्हेंबरात आपल्याकडे दुपार अजून तापलेली असते. वर इंचभर वाळका पाला पसरा आणि बॅगेच्या उन्हाकडच्या बाजूला पांढरं कापड किंवा फळी लावा. मूळ तापलं तर फ्रिजची मेहनत वाया जाते. बॅग थेट टाइलवर नको, दोन विटांवर. तुमचं ऊन साडेचार तासांचं आहे, लसणाला सहा हवेत. बॅगा कठड्याच्या जितक्या जवळ सरकतील तितक्या सरकवा, नाहीतर गड्डे लहान धरूनच चला.

नत्र पहिल्या ६० दिवसांतच: तिसऱ्या आणि सातव्या आठवड्यात मूठभर गांडूळखत, बस. पानांवर चंदेरी ओरखडे दिसले तर फुलकिडे. कडुनिंबाचं तेल लिटरला ५ मिली, त्यात १ मिली द्रव साबण, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतराने तीनदा. पात खायची असेल तर फवारल्यानंतर आठवडाभर तोडू नका, आणि जांभळा करपा दिसला तर रासायनिक बुरशीनाशकाऐवजी डाग असलेली पानं कापून टाका.

---

खलबत्ता | १८ फेब्रुवारी, सकाळी ८.०५

तेलात बुडवून बाहेर ठेवायचा नाही, अजिबात नाही. कच्चा असो वा भाजलेला, तेलाखाली हवा पोचत नाही, लसूण आम्लधर्मी नाही, आणि अशा जागी बोट्युलिझमचा जिवाणू विष तयार करू शकतो. वास-रंग बदलत नाही म्हणून कळतही नाही. करायचाच तर थोडा, लगेच फ्रिजमध्ये आणि चार दिवसांत संपवायचा. जास्त असेल तर भाजून कुस्करून बर्फाच्या ट्रेमध्ये फ्रीझरला ठेवा. लिंबाच्या लोणच्यात घातलेला लसूण कधी हिरवा-निळा होतो, ते मात्र घाबरण्यासारखं नाही. आम्लामुळे रंग बदलतो, खायला चालतो.

---

कोपरखैरणे बाग | १८ फेब्रुवारी, सकाळी ९.३०

साठवणीचं: उपटल्यावर धुऊ नका, माती हाताने झटका. पातीसकट सावलीत, पंख्याच्या वाऱ्यात १२ ते १५ दिवस. मार्चच्या थेट उन्हात ठेवलात तर गाठ भाजून पिवळी, काचेसारखी होते. मान चिमटीत दाबून ओल लागली नाही की सुकला. तुमच्या जाड मानेच्या गाठी आधी वापरा, बारीक मानेच्या तेवढ्या बियाण्याला ठेवा. पात पूर्ण कडक होण्याआधी, चिवट असतानाच वेणी घाला, तीन रोपांपासून सुरुवात करून दर पेडाला एकेक वाढवत. वेणी ओट्यावर गॅसजवळ किंवा खिडकीत टांगू नका. जून ते सप्टेंबर इथली हवा इतकी दमट असते की गाठीला भिंतीचा स्पर्शही नको, पॅसेजमध्ये छताच्या हुकाला मोकळी लटकू द्या. आणि फ्रिजमध्ये २० सप्टेंबरच्या आधी ठेवू नका, ओल आणि गारव्याने तिथेच कोंब फुटतात.