दूध तोडून चार महिने झाले, अजून थेंब येतोय आणि छाती अगदी उतरल्यासारखी झालीय, हे असंच असतं का?

हर्णैची सून:

नमस्कार मैत्रिणींनो, घरात हे विचारायची सोय नाही म्हणून इथे लिहितेय. मी २९ वर्षांची, सासर दापोली तालुक्यात, मुलगा आता सव्वादोन वर्षांचा. जूनमध्ये पाऊस लागला तेव्हा त्याचं अंगावरचं दूध तोडलं, कोरफडीचा गर लावून. चार दिवसांत त्याने सोडलं पण माझे हाल झाले, छाती दगडासारखी घट्ट, रात्री ताप, सासूबाईंनी जुन्या लुगड्याची पट्टी करकचून बांधली होती, श्वास घेता येत नव्हता. तो त्रास गेला, पण आता वेगळंच चाललंय.

गणपतीला लग्नातला ब्लाउज काढला. खांद्यात बसतो, पाठीत बसतो, पण पुढे दोन बोटं कापड नुसतं पोकळ. आतून पिना लावून घातला आणि पाच दिवस पदर खांद्यावरून सोडलाच नाही. आरशात बघितलं की रिकाम्या पिशवीसारखं वाटतं, वरचा भाग सपाट आणि खाली लोंबल्यासारखं. डावी बाजू मोठी दिसते, तो त्याच बाजूला जास्त प्यायचा. निपल लांबट झालीयेत आणि भोवतालचा भाग अजून काळपट, आधी असा नव्हता.

दुसरं म्हणजे सासूबाई म्हणतात आत राहिलेलं दूध नासतं आणि त्याची गाठ होते, म्हणून रोज आंघोळीच्या वेळी दाबून काढून टाक. मी रोज काढते आणि रोज दोन्हीकडून दोन-तीन थेंब येतातच, पांढरे. चार महिने झाले, संपतच नाहीये.

आणि महिनाभर डाव्या बाजूला काखेच्या दिशेने कडव्या वालाएवढं काहीतरी हाताला लागतंय. दुखत नाही, बोटाखाली सरकतं. ही दुधाची गाठ, विरघळेल असं सगळ्या म्हणतायत. ह्यांना सांगितलं नाही, बोटीवर असतात, आठ-आठ दिवस समुद्रात, उगाच जीव टांगणीला कशाला. कोणाला असं झालंय का?

मालवणी आई:

बाय गो, पयलां दाबणां बंद कर. आजच्या आज. मी हेच केलं होतं म्हणून सांगतेय. माझ्या थोरलीच्या वेळी आईने हेच सांगितलेलं आणि मी सहा महिने रोज पिळत बसले, जितकं काढावं तितकं येतच राहतं. दुसऱ्याच्या वेळी हातच लावला नाही तर दीड-दोन महिन्यांत कोरडं.

उतरल्यासारखं वाटण्याचं म्हणशील तर पहिले तीन-चार महिने सगळ्यात वाईट दिसतं. नंतर थोडं भरतं, मला आठव्या महिन्याच्या आसपास जाणवलं की वरचा भाग आता इतका सपाट नाही. पहिल्यासारखं झालं का, तर नाही झालं, खोटं कशाला सांगू. पण रिकामी पिशवी वाटायची ते गेलं. निपलचा रंग उतरायला वर्ष गेलं, थोडा गडदच राहिला. एक बाजू लहान-मोठी आहे ती आहेच, लग्नाआधीही थोडी होती पण तेव्हा कोण एवढं निरखून बघतं. आणि बाळंतपणातली जुनी ब्रा टाक, ती सैल पडते आणि खांद्याला रग लागते, मापाची नवीन घे, निम्मा फरक तिथेच पडतो.

गाठीचं मात्र मला कळत नाही, ती दाखव.

नर्सताई:

मी एएनएम आहे, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि उपकेंद्र मिळून सतरा वर्षं काढली, त्यामुळे जरा लांबलचक लिहिते.

बाळ पीत असतं तेव्हा छातीत दूध तयार करणाऱ्या ग्रंथी पसरलेल्या असतात, चरबी कमी होऊन त्या जागी ग्रंथीच ग्रंथी. दूध तोडलं की त्यांचं काम संपतं आणि त्या आक्रसतात, आणि त्यांच्या जागी चरबी परत भरायला महिने लागतात. मधल्या काळात जे पोकळ आणि मऊ-मऊ लागतं ते म्हणजे ग्रंथी गेली, चरबी अजून आली नाही अशी अवस्था. तू नेमकी तिथे आहेस. कातडी मात्र गरोदरपणापासूनच ताणलेली असते आणि आतले आधाराचे धागेही सैल झालेले असतात, ते पूर्ण मागे येत नाहीत. व्यायामाने छातीचा स्नायू बळकट होतो पण तो मागे असतो, स्तन स्वतः स्नायू नाही, तेव्हा उचलून धरणाऱ्या क्रीम आणि तेलांवर पैसे घालवू नकोस. खोबरेल लाव हवं तर, कातडी कोरडी पडत नाही इतकंच.

काळपटपणा गरोदरपणातल्या हार्मोन्सचा, हळूहळू फिका होतो. भोवती बारीक पुटकुळ्या दिसत असतील तर त्या तेल सोडणाऱ्या ग्रंथी आहेत, फोडायच्या नाहीत.

आता नासण्याचं. आत राहिलेलं दूध नासत नाही, शरीर ते शोषून घेतं. सासूबाई काळजीपोटीच सांगतायत, त्यांनाही कोणीतरी तसंच सांगितलेलं असणार, पण उलटं होतंय. निपल चोळलं, दाबलं की मेंदूला वाटतं बाळ पितंय आणि तो प्रोलॅक्टिन सोडतो, म्हणजे दूध करायचा निरोप. तू रोज आंघोळीला हा निरोप पाठवतेयस. दाबल्यावर दोन्हीकडून पांढरे थेंब येणं तोडल्यावर कित्येक महिने चालू शकतं. न दाबता आपोआप ब्लाउज भिजत असेल, किंवा पाळी चुकली असेल तर वेगळं, मग आधी गरोदर नाही ना ते बघायचं आणि प्रोलॅक्टिन, थायरॉइड तपासायचं. उलटीवरच्या आणि मानसिक आजारावरच्या काही गोळ्यांनीही दूध येतं, डॉक्टरांना घेत असलेली सगळी औषधं सांगायची. आणि एकाच बाजूने आपोआप पाण्यासारखं किंवा रक्ताळलेलं काही आलं तर वाट बघायचीच नाही.

पट्टीचंही सांगते, पुढच्या वेळी कोणी बांधायला लागलं तर बांधू देऊ नका. घट्ट बांधल्याने दूध अडकतं, सूज आणि ताप त्यातूनही येतो. दर तीन-चार दिवसांनी एकेक वेळचं पाजणं कमी करायचं, फारच तणाव आला तर बरं वाटेल इतकंच काढायचं, रिकामं नाही करायचं, आणि थंड शेक.

गाठ. बोटाखाली सरकते, दुखत नाही, ही दुधाची असू शकते, दूध एका नळीत साठून फुगा होतो, सोनोग्राफीत दिसतं आणि सुईने निघतं. पण ती दुधाची आहे हे हाताने ना मला कळेल ना तुझ्या सासूबाईंना. महिनाभर टिकली म्हणजे तपासायची, बस. तुझ्या वयाला आधी सोनोग्राफी करतात, तिला घाबरण्यासारखं काही नाही, गरोदरपणात केलीस तीच. दापोलीच्या उपजिल्हा रुग्णालयात दाखव, तिथे नाही जमलं तर रत्नागिरीचं जिल्हा रुग्णालय किंवा डेरवणचं वालावलकर. एकटीने जायचं धाडस होत नसेल तर गावातल्या आशाताईला घे सोबत.

आणि बाकीच्या वाचत असाल त्यांनीही बघा, निपल नव्याने आत ओढलं गेलंय, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झालीय, निपलवर खरूजेसारखं काहीतरी जे मलमाने बरं होत नाही, ताप नसताना लालसर सूज, काखेत गाठ, यातलं काहीही असेल तर आठवड्याच्या आत दाखवा.

गुहागरकरीण:

म्हणूनच मी सहा महिन्यांत तोडलं. सगळ्या म्हणत होत्या की दोन वर्षं पाजलंस तर अंग पूर्ण उतरतं. ज्यांचं अजून पाजणं चालू आहे त्यांनी विचार करावा असं मला वाटतं, बाईने आपल्या शरीराचंही बघायला नको का?

नर्सताई:

शरीराचं बघायलाच हवं, आणि कधी तोडायचं हे तुझं तू ठरवायचंस, त्यावर मी काही बोलणार नाही. पण कारण चुकीचं आहे आणि ते वाचून कोणीतरी उद्या पाजणं थांबवेल म्हणून लिहिते. छाती उतरते ती गरोदरपणाने. २००८ मध्ये अमेरिकेतल्या केंटकीमध्ये डॉक्टरांनी हेच तपासलं होतं, त्यात वय, वजन, किती वेळा गरोदर राहिली आणि सिगारेट यांचा संबंध निघाला, पाजण्याचा नाही. सहा महिने पाजलं काय नि दोन वर्षं काय, ताणलेली कातडी नऊ महिन्यांतच ताणलेली असते. उलट २००२ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात तीस देशांतल्या ४७ अभ्यासांची माहिती एकत्र करून आली होती, दर बारा महिन्यांच्या पाजण्यामागे स्तनाच्या कॅन्सरचा धोका ४.३ टक्क्यांनी कमी. याचा अर्थ पाजणाऱ्या बाईला होतच नाही असा मात्र नाही.

चिपळूणची ताई:

हे शेवटचं वाक्य दोनदा वाचा. माझ्या धाकट्या बहिणीचं सांगते. दीड वर्ष पाजलं, वय ३२, गाठ लागली आणि एका दवाखान्यात नेली तर त्यांनी हातसुद्धा लावला नाही, ब्लाउजवरूनच बघितल्यासारखं केलं आणि दुधाची गाठ आहे म्हणून ताकदीच्या गोळ्या लिहून दिल्या. आम्हालाही तेच हवं होतं ऐकायला. सात महिने आम्ही वाट बघितली, शेवटी काखेतही लागायला लागलं तेव्हा मुंबईला परळला टाटामध्ये नेलं. ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं झालं, केस गेले, आले, आता चौथं वर्ष चालू आहे आणि ती बरी आहे, तिची लेक पहिलीत जाते, सकाळी वेण्या ती स्वतः घालते तिच्या. पण ते सात महिने मला झोपेत आठवतात.

हर्णैच्या ताई, तुझी गाठ बहुतेक साधीच असेल, मी तुला घाबरवायला नाही लिहीत. पण डॉक्टरांसमोर गेलीस की लाजू नकोस, स्पष्ट सांग की हाताने तपासा आणि सोनोग्राफी लिहून द्या. नाही म्हणाले तर दुसरीकडे जा. आणि नवऱ्याला सांग गं. तो समुद्रावर असला तरी फोन लागतो तेव्हा सांग.

हर्णैची सून:

नऊ दिवसांनी लिहितेय, सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही.

ह्यांना सांगितलं. बोट किनाऱ्याला लागली त्याच रात्री, ते दोन मिनिटं काहीच बोलले नाहीत आणि मग म्हणाले उद्या जाऊया. सकाळी बघते तर सासूबाई आमच्या आधी साडी नेसून तयार. सोनोग्राफीच्या खोलीत त्याच माझ्यासोबत आत आल्या. डॉक्टरीणबाई होत्या, दोन्ही बाजू आणि दोन्ही काखा व्यवस्थित बघितल्या, म्हणाल्या दुधाचा फुगा दिसतोय पण खात्री करूया. सुई घातली तर सिरिंजमध्ये घट्ट, पिवळसर पांढरं आलं, सायीसारखं. सासूबाई म्हणाल्या, अगो हे तर दूधच. गाठ तिथल्या तिथे बसली. तरी ते तपासायला पाठवलं आणि काल रिपोर्ट आला, काही वाईट नाही.

दाबणं त्या दिवसापासून बंद आहे, सासूबाईंनीच सांगितलं बंद कर म्हणून. परवा चुकून साबण लावताना हात लागला तर डावीकडून अगदी टिपूस आलं, उजवीकडे काहीच नाही.

छाती आहे तशीच आहे. पण आता दिवाळीला तो ब्लाउज शिंपीणबाईंकडे देऊन पुढून आत घेऊन घेणार आहे, पिना लावणार नाही. नर्सताई, एकच विचारायचंय, गाठ परत भरली तर?

नर्सताई:

भरू शकते, पुन्हा सुईने काढतात, कधी कधी दोन-तीनदा. दूध पूर्ण आटलं की बहुतेक थांबतं. तीन महिन्यांनी एकदा परत दाखव, आणि महिन्यातून एकदा पाळी संपल्यावर दोन-चार दिवसांनी हाताने बघत जा, बोटांच्या टोकांनी नाही तर बोटांच्या सपाट भागाने, काखेपर्यंत. निपल पिळायचं नाही. ब्लाउज शिवायला टाकताना आत शिलाई जास्त सोडायला सांग, सहा महिन्यांनी उसवावी लागेल.