पुण्याजवळच्या वायनरीला गेलायत का? अनुभव लिहा

मीच सुरुवात करतो. फेब्रुवारीत रोटीच्या फोर सीझन्सला गेलो होतो. सोलापूर रोडनं पाटसपर्यंत जायचं, तिथून बारामतीकडे, म्हणजे तुकोबांची पालखी जाते तोच रोटी घाट, पुण्यापासून ७०-७५ किमी. बरोबर वडील होते, माळकरी, त्यामुळे टेस्टिंगचा प्रश्नच नव्हता, पण सगळ्यात जास्त प्रश्न त्यांनीच विचारले. काळ्या द्राक्षाची पांढरी वाईन कशी काय होते म्हणाले. माहिती देणाऱ्या मुलीनं एक मणी सोलून त्यांच्या तळहातावर ठेवला, आत रंगच नाही! सगळा रंग सालीत, साली रसात ठेवून आंबवलं की रेड. वडलांनी तो मणी खाल्ला आणि बिया बराच वेळ हातात धरून उभे, टाकायच्या कुठे, सगळीकडे चकाचक फरशी.

आमचं उलटं. हौसेनं ऑगस्टमध्ये गेलो (कुठली ते सांगत नाही), बागेत नुसती पानं. तिकिटाचे पैसे घेताना कोणी बोललं नाही की द्राक्षं नाहीयेत म्हणून.

वरच्यांना, अहो ऑगस्टमध्ये कशी असतील? माझं माहेर जुन्नरकडचं, घरची बाग आहे. एप्रिलात खरड छाटणी, ती काडी तयार करायला. सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी, माल येतो तो तिच्यावर. जानेवारी ते मार्च जा. आणि वाईनची द्राक्षं खायला जाऊ नका, बारीक मणी, जाड साल, बियाच बिया. आमच्या थॉमसनची सर नाही, पण गोडी भरपूर, त्या साखरेचंच तर अल्कोहोल होतं ना.

नारायणगावची इंडाज कोणाला आठवते का? कॉलेजात असताना आमची सहल गेली होती, फसफसणारी वाईन आपल्याकडे, तेही तमाशाच्या गावात बनते याचंच केवढं कौतुक. सरांनी घोट घेऊ दिला नाही तो नाहीच. ती बंद पडून जमाना झाला.

अकलूजची फ्रातेल्ली छान, पण एका दिवसात करू नका, मुक्काम टाका. आम्ही चौघं गेलो, गाडी कोण चालवणार यावर टेंभुर्णीपर्यंत भांडण, शेवटी चिठ्ठ्या टाकल्या आणि नाव माझं निघालं. बाकीचे तिघं ग्लास गोल फिरवून "पेरूचा वास येतोय" वगैरे म्हणतायत आणि मी लिंबू सरबत. पुढच्या वेळी सरळ ड्रायव्हर करणार, हजार-दीड हजार गेले तर गेले.

माझा एकच सल्ला, बाटल्या डिकीत विसरू नका. एप्रिलात एक रेड तीन दिवस उन्हात राहिली, बूच वर सरकलेलं आणि आतून जॅम जळल्यासारखी चव. फेकवेना म्हणून मटणात घातली. मटण बरं झालं होतं.